लाल सुई, निळी सुई

शरीरक्रियाशास्त्राच्या पहिल्याच तासाला मी मुलांना श्वास रोखायला लावते. सगळे गाल फुगवून बसतात, कुणी शेजाऱ्याला चिमटा काढतं, आणि एकेक जण फुस्स होत जातो. मग मी सांगते, श्वास रोखून माणूस मरत नाही. एका टप्प्यानंतर मेंदू तुमची मर्जी विचारत नाही. रोखलेला श्वास सोडायला लावतो आणि नवा घ्यायला लावतो. घरचे तरी कुठे तुमची मर्जी विचारतात, असं मी वर म्हणते आणि मुलं हसतात. विनोद जुना आहे, पण चालतो. घरी माझ्या मुलीशीही मी हाच खेळ खेळते. ती नेहमी माझ्याआधी हरते.

आमची प्रयोगशाळा तळमजल्यावर आहे. लांबट खोली, दोन्ही बाजूंना काळे ओटे, स्पिरिटचा आणि जुन्या रबराचा वास. खिडक्या आहेत, पण कुणा जुन्या विभागप्रमुखांनी त्या खिळे ठोकून कायमच्या बंद केल्या, कारण वाऱ्याने यंत्राच्या सुया हलतात. सुयांची काळजी घेतली, माणसांची घ्यायचं राहून गेलं. दुपारी तिथे चाळीस विद्यार्थी कोंबले की माझ्या कपाळाला घाम सुटतो.

श्वास नोंदवायचं यंत्र सगळ्यात टोकाला, भिंतीशी आहे. छातीला काळा पट्टा बांधायचा, त्याची रबरी नळी यंत्रात खोचायची. श्वास घेतला की शाईची सुई कागदावर वर चढते, सोडला की खाली येते. सुया दोन आहेत, एक लाल, एक निळी, म्हणजे दोन माणसांचे श्वास शेजारी शेजारी दिसतात. आमच्याकडचा शिरस्ता असा की आधी शिकवणाऱ्याने स्वतःचा श्वास द्यायचा, तोही नेहमी लाल सुईवर. आणि यंत्राकडे पाठ करून बसायचं. मागे वळून पाहायचं नाही. आपला श्वास लिहिला जाताना पाहिला की माणूस मुद्दाम श्वास घ्यायला लागतो आणि नोंद बिघडते. त्यामुळे नळ्या खोचण्यापासून सगळं मागे उभे असलेले विद्यार्थीच करतात.

या सत्राच्या सुरुवातीला, मी अशीच पाठ करून बसले असताना मागे खसखस पिकली. मॅडम खोकल्या, असं कुणीतरी म्हणालं. मी खोकले नव्हते. उठून पाहिलं तर कागदावर खोकल्याच्या तीन टोकदार रेघा होत्या. नळीला धक्का लागला असेल, असं म्हणून मी पट्टा सोडायला घेतला आणि मला खोकला आला. तीन वेळा.

मी नळी बदलली, सांधे तपासले, दुसऱ्या वेळी स्वतः कागद लावला. त्या दिवशी रेघेत हसू निघालं. हसण्याची रेघ ओळखू येते, श्वास पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो. मी तर गंभीर चेहऱ्याने बसले होते. दुपारी जिन्यात विभागप्रमुख भेटले आणि त्यांनी आपल्या हरवलेल्या चष्म्याची गोष्ट सांगितली. चष्मा त्यांच्या डोक्यावरच होता. मी पोट धरून हसले आणि हसता हसताच गप्प झाले.

त्याच्या पुढच्या वेळी रेघ वर चढून बराच वेळ तिथेच थबकली होती. दुसऱ्या दिवशी कॉलेजची लिफ्ट मला एकटीला घेऊन दोन मजल्यांच्या मधे अडकली. दिवा गेला. दाराच्या फटीतून पलीकडे फक्त सिमेंटची भिंत दिसत होती. मी श्वास धरून उभी होते, आणि आपण तो धरला आहे हे लक्षात आलं तेव्हा लिफ्टपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

नवऱ्याला हे सांगितलं. तो हिशेबी माणूस आहे. म्हणाला, वर्षभर कुणी रोज कागदावर रेघा ओढल्या तर त्यातली एखादी खरी निघणारच. मलाही ते पटलं, किंवा पटवून घेतलं. यंत्र बंद ठेवा म्हणून वर अर्ज करायचा तर कारण काय लिहिणार होते?

मग तो शनिवार आला. मुलीच्या शाळेला सुट्टी होती, नवरा गावाला गेलेला, म्हणून तिला बरोबर घेऊन गेले. मोठ्या माणसाचा आणि लहान मुलाचा श्वास शेजारी शेजारी दाखवायची आयती संधी होती, आणि तिलाही हौस होती. दुसऱ्या पट्ट्याची नळी मधे चिरलेली, तिच्यावर पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली. तो पट्टा मी तिच्या छातीला बांधला, तिला भिंतीकडच्या स्टुलावर बसवलं, आणि मागे वळायचं नाही असं बजावलं. मग आम्ही दोघी पाठ करून बसलो. वर्गाची मॉनिटर मागे नळ्या खोचत होती.

थोड्या वेळाने मॉनिटर म्हणाली, "मॅडम, निळी बंद पडली."

मी उठून कागद पाहिला. लाल रेघ बराच वेळ नेहमीसारखी होती, आणि शेवटाकडे तिच्यात रडणं होतं. साधं रडणं नाही. तुटक तुटक आत ओढलेले श्वास आणि मग एक लांबलचक हंबरडा, पुन्हा तेच, कागद संपेपर्यंत. निळी रेघ त्याच्या जरा आधी थांबली होती. संथ, लहान श्वास, मग छाती भरून घेतलेला एक मोठा श्वास. तो खाली आला होता आणि तिथून पुढे सरळ रेघ. शाई चालू होती, सुई चालू होती.

पट्टा सैल झाला असेल, मुलं चुळबुळ करतात, असं मी वर्गाला सांगितलं. कागद फाडून पर्समध्ये कोंबला. मुलगी स्टुलावर पाय हलवत बसली होती, पट्टा तिच्या छातीला घट्ट होता.

लाल रेघ माझी. निळी तिची.

त्या दिवसापासून मी तिला घराबाहेर पाठवलं नाही. शाळेत ताप आल्याचं कळवलं. मी रजा टाकली. गॅस बंद ठेवला, गच्चीच्या दाराला कुलूप लावलं, खिडक्या लावून घेतल्या. तिला घास बारीक करून भरवायला लागले, तेव्हा ती म्हणाली की मी काय बाळ आहे का. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसायचे. जीव नुसता टांगणीला लागला होता. पुन्हा पट्टा बांधून पाहावा असंही एकदा मनात आलं. पण तिला त्या स्टुलावर परत बसवायची माझी छाती नव्हती.

नवरा गावाहून आला आणि घराची अवस्था पाहून चिडला. पोरीला कोंडून ठेवलंयस, म्हणाला. मी कागद दाखवला. त्याने तो उलटसुलट पाहिला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी कागद परत घेतला. आज सकाळी तो डॉक्टरांची वेळ घ्यायला गेला. माझ्यासाठी.

आता दुपार आहे. घर बंद, हवा कोंदट. मी पलंगावर बसले होते. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून चित्र काढत होती. मधेच थांबली.

"आई, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

मी नाही म्हटलं.

"त्या दिवशी मी मागे वळून पाहिलं होतं. म्हणून तू मला घरात ठेवलंयस ना?"

मी तिच्या केसांतून हात फिरवला. म्हटलं, तसं काही नाही, वेडे.

"माझी नळी निळ्यापर्यंत पोचतच नव्हती. म्हणून त्या ताईनं अदलाबदल केली. चिकटपट्टीवाली लालमध्ये लावली आणि तुझी निळ्यात. मी पाहिलं ना."

मी तिला दोनदा विचारलं. ती दोनदा तेच बोलली. चिकटपट्टीवाली, लालमध्ये.

म्हणजे सरळ रेघ तिची नव्हती. माझ्या जिवात जीव आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा डोळ्यांसमोरचं सगळं स्वच्छ दिसलं. तिचे विस्कटलेले केस, कागदावरचं घर, बोटांना लागलेला रंग. काही होणार नव्हतं तिला. मी छाती भरून श्वास घेतला.

मोठा. सुटकेचा.

आणि तो वर पोचल्यावर मला निळी रेघ आठवली.

मी तो सोडलेला नाही.

ती उठून बसली आहे. माझ्या तोंडाकडे पाहते आहे. कानांत ठोके वाजताहेत, छातीच्या तळाशी पहिला हिसका बसला आहे. ही सगळी लक्षणं मी फळ्यावर लिहून दिलेली आहेत, याच क्रमाने.

ती हसते. तिला खेळ कळला. तीही गाल फुगवते, माझा हात घट्ट धरते, डोळे मोठे करते. आम्ही दोघी तशाच बसलो आहोत.

मग ती फुस्स होते.

"मी हरले," ती म्हणते. "आता सोड ना, आई."