घोड्याला पाणी

यंदा ऊसच नव्हता. सहकारी साखर कारखान्याचं धुराडं थंड होतं आणि तिथला फिटर सुग्रीव घरी बसून होता. चौसाळ्याच्या पुढं माळावर कारखान्याची कॉलनी. तिथं टँकर आला तर आला. सुग्रीवची बायको रत्नमाला बीएस्सी झालेली. मागच्या महिन्यात छोट्या मुक्ताला जुलाब होऊन सलाइन लावावं लागलं, तेव्हापासून लेक किती पाणी पिते याकडं तिचं सारखं लक्ष असे. उकळून गार केलेल्या पाण्याच्या कळशीवर ती ताटली ठेवी, ताटलीवर वरवंटा.

कारखान्याचे संचालक बंकटराव आजोबांची ठासणीची बंदूक घेऊन आले. पुतण्याच्या लग्नात बार काढायचा होता. चाप ओढला की आपटतो तो घोडाच मोडून गेला होता.

"ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातनं नवा घोडा घडवतो," सुग्रीव म्हणाला.

"मला पन घोडा," मुक्ता म्हणाली. सगळे हसले.

सुग्रीवनं कानशीनं घासून घोडा देखणा केला. सकाळी बघतो तर अंगठा टेकायच्या जागी गुळगुळीत खळगा. कुणी पिढ्यान्‌पिढ्या ओढत आल्यासारखा.

"लोखंड मऊ निघालं. दुसरा करून पाणी पाजावं लागंल. लाल करून बुडवला की कडक हुतंय."

ते का होतं, हे रत्नमालेनं परीक्षेत लिहिलेलं होतं. "किती पाणी?"

"बादलीभर."

घोडा बघायला आलेले बंकटराव खाटेवर बसले होते. "मागच्या कारागिरानं पाणी पाजायला न्हाईच म्हणलं, सूनबाई. म्हणं, घरात लेकरू हाय."

बरोबरच केलं त्यानं, तिला वाटलं. एवढ्या टंचाईत कोण देईल?

"उद्याचा टँकर तुमच्या दारात थांबंल," बंकटराव म्हणाले.

मग तिनं बादली भरून दिली.

सुग्रीवनं लालभडक घोडा सांडशीनं उचलला आणि बादलीत बुडवला. चर्र झालं नाही. वाफ आली नाही. बाहेर काढला तर घोडा काळा, गार. बादलीच्या तळाला नुसती ओल.

"बादली गळती हाय का गं?"

तिनं उचलून पाहिली. खालची फरशी कोरडी होती.

"घोड्याला लई तान लागलीती," मुक्ता म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी घोड्यावर खळगा नव्हता. बंकटराव खुशीत बंदूक घेऊन गेले. टँकर खरंच दारात थांबला. पिंप भरता भरता रत्नमालेच्या ध्यानात आलं, मुक्तानं सकाळपासून पाणी मागितलं नव्हतं.

तिनं ग्लास पुढं धरला. "पी, बाळा."

"नको. माजं झालं."

"कधी?"

"घोड्यानं पेलं तवा."

तिनं मुक्ताच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. पोरीचा हात हातात घेतला. गार होता, आणि त्याला कानशीच्या भुग्याचा वास येत होता.

"बोटं तरी बुडव. मग ओठाला लाव."

मुक्तानं आईकडं बघत ग्लासात बोटं घातली.

चर्र झालं.