कोटवाला रोज एक पायरी चढतो

"पाच पाय! अगं, मांजराला पाच पाय आलेत!" भिंग किंचाळला.

"असू देत की. जास्त जोरात पळेल," बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकत ढब्बू म्हणाला.

मामाच्या फोटो स्टुडिओतली आतली खोली, काळे पडदे ओढलेले आणि कॉम्प्युटरसमोर तीन डोकी. डिंकी बारा वर्षांची. खरं नाव वेगळंच, पण एखाद्या प्रश्नाला चिकटली की सुटायची नाही, म्हणून डिंकी. तिचा धाकटा भाऊ भिंग, कारण त्याच्या चष्म्याच्या काचा जाड होत्या. आणि मामाचा मुलगा ढब्बू. त्याला ढब्बू का म्हणत, हे बिस्किटांचा डबा सांगेल. सुट्टीत तिघांनी मिळून मांजराचा सिनेमा काढायचं ठरवलं होतं.

मामाने नवा प्रोग्रॅम घेतला होता. त्याला शब्दांत सांगायचं, "पिवळं मांजर, निळी छत्री, गच्चीचा कठडा", की तो चित्र काढून देई. चित्र पसंत पडलं की तेच त्याला परत द्यायचं आणि कोणी काय हलवायचं ते सांगायचं. मग चार सेकंदांचा व्हिडिओ तयार! सिनेमा लांब हवा असेल, तर त्या चार सेकंदांतलं शेवटचं चित्र उचलायचं आणि त्याच्यापुढचे चार सेकंद मागायचे.

"पण दर वेळी ते थोडं थोडं बदलतं," डिंकी पडद्याला नाक लावून म्हणाली. "पहिल्या तुकड्यात मांजर होतं. चौथ्या तुकड्यात बघ, मिशा लावलेली उशी झाली आहे."

"कारण त्याला मांजर माहीतच नाही ना! ते फक्त आधीच्या चित्राकडे बघून पुढे काय असेल ते ठोकून देतं," भिंग म्हणाला.

"म्हणजे परीक्षेत ढब्बू करतो तसं," डिंकी म्हणाली. ढब्बूने तिला उशी फेकून मारली, ती खरी उशी होती.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. शिवणकाकू आल्या. खाली रस्त्यालगत त्यांचं शिवणाचं दुकान होतं आणि ढब्बूच्या जन्मापासूनचे सगळे शर्ट त्यांनीच उसवून मोठे केले होते. एरवी दारातूनच हाका मारणाऱ्या काकू आज गप्प उभ्या होत्या. चेहरा मात्र उजळलेला होता.

"पोरांनो, हे सापडले," त्या म्हणाल्या.

"हे म्हणजे काय सापडलं, काकू?" भिंगने विचारलं.

डिंकीने त्याला कोपराने ढोसलं. हे म्हणजे काका. ते मालवाहू जहाजावर यंत्रं सांभाळत. वीस वर्षांपूर्वी गेले, ते परत आलेच नाहीत. जहाजाचा पत्ता लागला नाही की माणसांचा. काकूंनी कपाटातले त्यांचे कपडे अजून कोणाला दिले नव्हते.

काकूंनी फोन पुढे केला. "आठ दिवस झाले. रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी येतात. आवाज नाही, पण हात करून बोलावतात. बघा ना!"

पडद्यावर पाण्याकाठच्या दगडी पायऱ्या होत्या. पायऱ्यांवर करड्या कोटातला एक माणूस. तो हळूच मान वळवत होता. मग हात वर करून त्याने बोटं हलवली. ये, ये.

"काका इतके तरुण?" ढब्बूच्या तोंडून निघून गेलं.

"अजिबात बदलले नाहीत ना? निघताना हाच कोट अंगात होता, मीच शिवलेला," काकू म्हणाल्या. "मागे ती पाटी दिसते ना, त्या गावाचं नाव आहे. स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत विचारलं. तिथल्या माणसाने फोनकडे नीट बघितलंही नाही, पण नाव सांगितलं. दोन गाड्या बदलायच्या आहेत. उद्या सहाची पहिली गाडी. तुम्ही तेवढी पाटी मोठी करून वाचून द्या, म्हणजे खात्री होईल. शिवणाचं मशीन माझ्याकडे शिकणाऱ्या मुलीला देऊन टाकलं. परत यायचं झालं तर दोघं मिळून येऊ."

फोन तिथेच ठेवून, गुडघ्यावर हात टेकत, काकू सामान बांधायला खाली गेल्या.

गुडघे धरून जिना उतरणाऱ्या काकू उद्या एकट्या, दोन गाड्या बदलून, कुठल्या तरी पायऱ्या शोधत जाणार होत्या!

"आठही व्हिडिओ ओळीने लावू," डिंकी म्हणाली.

भिंगने फोन मोठ्या पडद्याला जोडला. पहिल्या दिवशी माणूस पायऱ्यांच्या तळाशी होता, पाण्याजवळ. दुसऱ्या दिवशी एक पायरी वर. तिसऱ्या दिवशी आणखी एक. रोज एक पायरी चढून तो बघणाऱ्याच्या जवळ येत होता. माणूस वर चढत होता आणि त्याची सावली मात्र खाली उतरत होती.

"पाटी बघ," भिंग कुजबुजला. पाटीवरची अक्षरं कुठल्याच भाषेतली नव्हती. आणि रोज ती वेगळी होती!

आठव्या व्हिडिओत माणूस इतका जवळ आला, की पडदा त्याच्या तोंडाने भरला. पाण्याने धुऊन काढल्यासारखा गुळगुळीत चेहरा होता. डोळे त्यांच्याकडेच बघत होते, पण त्या डोळ्यांना पापण्या नव्हत्या. हात वर आला. ढब्बूने बोटं मोजली आणि त्याच्या हातातलं बिस्किट खाली पडलं.

"सहा," तो म्हणाला. त्याची पाचावर धारण बसली होती.

"पाठवतं कोण?" डिंकी प्रश्नाला चिकटली होती. "नंबर तर आहे. काकूंच्या फोनवरून लाव."

"मी नाही लावणार! उचलला तर?"

"उचलला तर बरंच आहे," म्हणत डिंकीने बटण दाबलं.

रिंग जाऊ लागली. फोनमध्ये एकदा वाजली, दोनदा वाजली. आणि तिसऱ्यांदा ती त्यांच्या पाठीमागे वाजली.

खोलीत त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. आवाज भिंतीतल्या बंद कपाटातून येत होता. ट्रिंग ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग. भिंगने बहिणीचा हात घट्ट धरला. ढब्बू दाराच्या दिशेने दोन पावलं सरकला होता, तोही परत येऊन त्यांना चिकटून उभा राहिला. डिंकीने डोळे मिटले आणि कपाटाचं दार खाडकन ओढलं.

आत, जुन्या कॅमेऱ्यांच्या मधे, एक फोन चार्जरला लावलेला होता. त्यावर काकूंचा नंबर चमकत होता.

"हा तर बाबांचा जुना फोन!" ढब्बू ओरडला. "गिऱ्हाइकांना फोटो पाठवायला त्यांनी कॉम्प्युटरला जोडून ठेवलाय."

मग काय, भिंगने कॉम्प्युटरमधलं 'रोजची कामं' उघडलं. एकच काम होतं. वर काकांचा जुना फोटो, मागे साधा पडदा. खाली मामाने लिहिलं होतं, "समुद्राकाठ पायऱ्या. माणूस हळूहळू जवळ येतो, हात करतो." आणि त्याच्याखाली एका चौकोनात खूण होती. चौकोनापुढे शब्द होते, 'पुढे चालू'.

*

मामा बाहेरच्या खोलीत पासपोर्ट फोटो कापत होता.

"हो, केला होता प्रयोग," तो कात्री न थांबवता म्हणाला. "त्यांचा फोटो ओलीने गेला. निगेटिव्ह तेवढी उरली होती, ती मोठी करायला दिली त्यांनी. म्हटलं, नवीन प्रोग्रॅम आहे, जरा गंमत करून बघू. मग त्याने विचारलं 'पुढे चालू?' मी म्हटलं, हो बाबा, पुढे चल!"

"मामा! 'पुढे चालू' म्हणजे पुढच्या पानावर जा असं नाही! रोज पुढचा भाग कर आणि गिऱ्हाइकाला पाठव, असा अर्थ आहे त्याचा!"

मामाची कात्री क्षणभर थांबली. मग त्याने खांदे उडवले. "चार सेकंदांचा तर व्हिडिओ. त्याने कोणाचं काय बिघडतंय? आत्ता हातात काम आहे, सांगेन सोमवारी."

"सोमवारी त्या कुठे असतील कोण जाणे!" भिंग रडकुंडीला आला. डिंकीने मात्र भिंतीवरचा मामाचा फोटो मोबाइलने टिपला आणि दोघांना खुणेने आत नेलं.

वीस मिनिटांनी ढब्बूने हाक मारली. "बाबा, जरा आत येता का? पडद्यावर कोणीतरी आहे!"

मामा काळा पडदा सारून आत आला. मोठ्या पडद्यावर एक लांबलचक बोळ होता आणि बोळातून मामा चालत येत होता. तोच शर्ट, त्याच मिशा. मामा हसला. पडद्यावरचा मामा जवळ आला आणि तोही हसला. त्याचे दात जरा जास्त होते. आणखी चार सेकंद. मिशा गालांवर पसरल्या. आणखी चार. आता तिथे मामा नव्हताच, मामाचा शर्ट घातलेलं कोणीतरी होतं आणि ते हात करून बोलावत होतं. ये, ये.

"बंद कर! बंद कर म्हणतो ना!" मामा दोन पावलं मागे सरला आणि स्टुलावर धडपडला.

"चार सेकंदांचे तर व्हिडिओ, मामा," डिंकी शांतपणे म्हणाली. "काकूंना असे आठ आले. त्यांना वाटतंय काका बोलावतायत."

मामा उठला, त्याने 'पुढे चालू'वरची खूण स्वतः काढली आणि मुलांच्या आधी जिना उतरू लागला.

*

काकूंनी दुकानातल्या कपड्यांचे गठ्ठे दोरीने बांधले होते. कापायच्या टेबलावर त्यांची एकच पिशवी तयार होती. डिंकीने फोन त्यांच्या हातात दिला आणि मामाने हात जोडून सगळं सांगितलं. काकू ऐकत राहिल्या. मग त्यांनी मान हलवली.

"मशीनला पायऱ्या काढता येत असतील. ह्यांचं हसणं कसं काढता येईल?"

"काकू, आम्ही मांजर केलं होतं, त्याला पाच पाय..." भिंग सांगू लागला.

"तुमच्या मांजराला पाच पाय आले म्हणून माझा माणूस खोटा?" काकूंचा आवाज चढला. "अंगात कोट माझाच आहे! तो तरी ओळखते ना मी?"

मामाने मान खाली घातली. ढब्बूला रडूच फुटलं. काकूंनी फोन छातीशी धरला आणि पिशवी खांद्याला लावली, जणू गाडी आत्ताच सुटत होती. डिंकीच्या लक्षात आलं, की आपण मघापासून यंत्राबद्दल बोलतोय आणि काकूंना यंत्राशी काही देणंघेणं नाही.

"मग कोटच बघा, काकू," ती म्हणाली. "आठ दिवस तुम्ही तोंडाकडेच बघताय. एकदा फक्त कोट बघा. शिवणाचा चष्मा लावून."

काकू थबकल्या. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, सुईत दोरा ओवायचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि फोन दिव्याखाली धरला. काकूंचा अंगठा पडद्यावर कॉलरपासून खाली सरकत गेला, गिऱ्हाइकाच्या अंगावरचा कोट तपासावा तसा.

"बटणांची काजं उजव्या बाजूला आहेत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" भिंगने हळूच विचारलं.

"पुरुषाच्या कोटाला काजं डाव्या बाजूला करतात आणि बटणं उजव्या. हे उलटं आहे. छातीवरचा खिसाही उजवीकडे गेलाय." काकूंचा आवाज अगदी बारीक झाला. "अशी चूक मी शिकत होते तेव्हाही केली नाही. हा कोट मी शिवलेला नाही."

मामाने कपाळावर हात मारला. "निगेटिव्ह! निगेटिव्ह मी उलटी घातली, काकू. सगळंच आरशातल्यासारखं फिरलं."

काकू टेबलाच्या कडेला बसल्या. वीस वर्षांत त्यांना कोणी रडताना बघितलं नव्हतं. आज त्या रडल्या, मुलांसमोर, मोठ्याने. डिंकी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. त्यांना खरं सांगितलं हे बरोबरच होतं, पण तिला फार वाईट वाटत होतं.

अंधार पडायच्या आत मामाने निगेटिव्ह सुलट घालून फोटो काढून आणला. साध्या पडद्यापुढे काका उभे होते, ओठांच्या एका कोपऱ्यात हसणारे. काजं डावीकडे, बटणं उजवीकडे. काकूंनी फोटोवरून हात फिरवला.

"ह्याच कोपऱ्यात हसायचे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी डोळे पुसले. "मशीन परत मागून घेते. पोरगी शहाणी आहे, देईल. आणि तुम्ही तिघं! मोठ्या माणसांनी फोनकडे न बघता मला गावाचं नाव सांगितलं, न वाचता खुणा केल्या. तुम्ही नीट बघितलंत. फार मोठं काम केलंत, पोरांनो."

मामा खाली मान घालून, हळूच, "खरंच आहे," असं म्हणाला.

"काकू, आता आम्हाला नीट जमतं," ढब्बू म्हणाला. "ह्या सुलट फोटोवरून एक करून देऊ? पाचच बोटं असतील. मी मोजून घेईन."

काकूंनी थोडा विचार केला.

"नको रे राजा," त्या म्हणाल्या. "मला आठवतात तेवढेच हलू देत."

त्यांनी फोन हातात घेतला आणि एकेक व्हिडिओ स्वतः पुसून टाकला. आठव्यावर अंगठा बराच वेळ थांबला. पडद्यावरचा तो माणूस अजून बोलावत होता. काकूंनी टेबलावरचा फोटो जवळ ओढून घेतला आणि बटण दाबलं.