जिनेशचा सल्ला

सावद्याच्या बसस्टँडवर पांढरा सदरा घातलेला एक तरुण माझ्या शेजारून पुढे गेला, रिकाम्या बसमध्ये डोकावला आणि परत आला.

"दोंडाईच्याचे पारसमलजी... उतरले का हो कुठे?"

"ते माझे वडील. फाल्गुनात गेले. यंदा मी आलेय."

त्याने माझी पिशवी उचलली.

ज्या गावात चातुर्मासाला साधू-साध्वी नसतात, तिथे पर्युषणाचे आठ दिवस आम्हा जैनांपैकी कुणी जाऊन सूत्र वाचतं. पप्पा तेवीस वर्षं जात होते. तो तरुण म्हणजे जिनेश, इथल्या केळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. माझी बैठक, माझं उकळलेलं पाणी, सगळं त्याच्याकडे होतं.

तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्या सुगनबाईंनी मध्येच सूत्रातल्या एका प्राकृत शब्दाचा अर्थ विचारला. मी खाली छापलेला हिंदी अर्थ वाचला.

"ते तर मलाही वाचता येतं, बाईसा," त्या म्हणाल्या.

दुपारी धर्मस्थानकाच्या पायरीवर मी जिनेशला सांगून टाकलं, "मला प्राकृत शिकायचंय. जैन दर्शनात एम. ए. दोन ठिकाणी प्रवेश मिळतोय... पुणे, नाहीतर राजस्थानात लाडनू. पर्युषण संपलं की कळवायचंय."

"फरक काय?"

"पुण्यात तत्त्वज्ञान जास्त. लाडनूला मूळ सूत्रं, शब्द न् शब्द."

"पुणे," तो लगेच म्हणाला.

"विचार तरी करा!"

"केला की. लाडनूला नुसती वाळू. शेवभाजी मिळायची नाही."

"शेवभाजीवर एम. ए. ठरवू?"

"लोक लग्नं ठरवतात."

मी हसले. फाल्गुनानंतर बहुधा पहिल्यांदाच.

मग रोज तो पुण्याची एकेक बाजू मांडू लागला. आठव्या दिवशी, संवत्सरीला, मी पुण्याला होकार लिहून ठेवला... पाठवला मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जो तो एकमेकांपुढे हात जोडून वर्षभराच्या चुकांची माफी मागत होता. लोक हे चालता चालता, हसत उरकतात. जिनेश समोर आला, हात जोडले आणि तिथेच थांबला.

"मिच्छामि दुक्कडम्... माझं मात्र जाणूनबुजून झालंय."

"काय केलंत?"

"पुणे सांगितलं. ते तुमच्यासाठी नव्हतं. केळीच्या गाडीबरोबर महिन्यातून दोनदा मी पुण्याला जातो..." त्याचे कान लाल झाले होते. "खरं विचाराल तर लाडनू. सुगनबाईंचं उत्तर तिथेच मिळेल."

मी फोन काढला. पुण्याचा होकार पुसला, लाडनूचा लिहिला आणि त्याच्यादेखत पाठवला. त्याने मान हलवली, पण हसणं काही जमलं नाही.

"माफ केलं," मी म्हटलं. "आता माझीही चूक ऐका. तुमची ती गाडी... सुगनबाईंनी मला चौथ्याच दिवशी सांगितली होती. म्हणून तर पुणे लिहिलं होतं."

त्याचे कान पुन्हा लाल झाले.

"माफ करायचं असतं," मी आठवण करून दिली.

"करतो ना," तो हळूच म्हणाला. "पण... लाडनूला येऊन."

"दिवाळीच्या आत या."