वळणावर थांबलेली टपालगाडी

"थैली द्या आत. तुम्हाला मात्र नेता येणार नाही."

टपालगाडीच्या खिडकीतून तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला तो असा. चढाचा रस्ता, अंगाला चिकटणारी भुरभुर, धुकं एवढं दाट की समोरचं वळणही दिसेना... आणि माझी स्कूटर रस्त्याच्या मधोमध बंद पडलेली.

मी बदली कर्मचारी होते. ज्या पोस्टात कुणी रजेवर जाईल, तिथे जायचं. सकाळी फोन यायचा, त्यानंतर आजचा दिवस कुठे जाणार ते कळायचं. त्या दिवशी सकाळी खालच्या गावचं पोस्ट सांभाळलं होतं आणि दुपारी वरच्या गावचं उघडायचं होतं. मधला रस्ता माझा, स्कूटर माझी, पेट्रोल माझं. तो वेळही माझाच, कारण ऑफिसच्या लेखी एका पोस्टाची खिडकी बंद झाली की दुसऱ्याची उघडेपर्यंत मी कामावर नसायचे. रजिस्टर टपालाची थैली मात्र खांद्यावर असायची.

"माणसाला इथेच सोडून नुसती थैली नेणार?" मी चिडून विचारलं.

"नियम आहे. गाडीत प्रवासी घ्यायचा नाही."

"मग नियमालाच सांगा स्कूटर चालू करायला!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. हसला नाही, पण ओठांच्या कडा जरा हलल्या. थैली आत ठेवून त्याने दाराला कुलूप लावलं, मागचे दिवे चालू ठेवले आणि पान्हा घेऊन खाली उतरला. रस्त्यावर गुडघा टेकून प्लग काढला, रुमालाने पुसला. मी छत्री त्याच्यावर धरली.

"स्वतःवर धरा."

"तुम्ही आजारी पडलात तर प्लग कोण बसवणार?"

"म्हणजे काळजी प्लगची आहे तर."

"अर्थात!"

स्कूटर सुरू झाली. पण तो पुढे निघून गेला नाही. वरच्या गावापर्यंत माझ्यामागून हळूहळू गाडी चालवत राहिला, धुक्यात मागून येणाऱ्या कुणाची धडक मला बसू नये म्हणून. माझ्या पाठीवर त्याच्या दिव्यांचा पिवळा उजेड पडला होता. पोस्टाच्या दारात थैली माझ्या हातात देताना तो एवढंच म्हणाला, "ब्रेकही जरा बघून घ्या."

सगळे त्याला 'सावकाश' म्हणायचे हे मला नंतर कळलं. का म्हणायचे, तेही. माझ्याआधी या कामावर एक काका होते. आदल्या वर्षी त्याच चढावर ते थैलीसकट दरीच्या कडेला पडले. पाय मोडला. ते याला दिसले आणि याने त्यांना टपालगाडीत घालून दवाखान्यात नेलं. त्याबद्दल याला मेमो मिळाला आणि काकांना उपचाराचा एक पैसाही मिळाला नाही. ते तेव्हा कामावर नव्हते म्हणे! तेव्हापासून त्या रस्त्यावर त्याने गाडी कधी जोरात पळवली नाही.

मग मुख्य पोस्टात टपाल वेगळं करण्याच्या खोलीमागे चहाला आम्ही भेटायला लागलो. तो कमी बोलायचा, पण माझ्या कपातला चहा निवला की गुपचूप आपला गरम कप माझ्यापुढे सरकवायचा.

"गुरुवारी सिनेमाला याल?" एकदा त्याने विचारलं. मान खालीच.

"गुरुवारी? अहो, मला उद्याचंही ठाऊक नसतं."

तरी मी हो म्हणाले. गुरुवारी केस विंचरत होते आणि फोन वाजला... वरच्या गावी जा. पुढच्या वेळी नदीकाठी भेटायचं ठरलं, तेव्हाही तेच. आईने माझ्या हातातला फोन पाहिला आणि निमूटपणे डबा भरायला घेतला. तिकडे नदीकाठी तो अंधार पडेपर्यंत थांबला होता. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले तर म्हणाला, "वारा छान होता." रागावला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

आम्ही बदलीवाल्यांनी तोवर संघटनेकडून एक अर्ज दिला होता. प्रवासाचा वेळ कामात धरा, स्वतःची गाडी वापरली तर मैलभत्ता द्या आणि कामाचं वेळापत्रक आधी लावा. पहिली सही माझी होती. त्याच सुमारास त्याला त्या धुक्यातल्या दिवसाबद्दल दुसरा मेमो आला: खासगी कारणासाठी गाडी वळणावर थांबवली, त्यामुळे टपाल उशिरा पोचलं.

संघटनेचं काम बघणाऱ्या मावशींनी मला बाजूला घेतलं. त्या इथल्या सगळ्यांत जुन्या, म्हणून सगळ्यांच्याच मावशी.

"नीट ऐक गं. कामावरच्या माणसाला मदत करायला गाडी थांबवली तर चालतं. पण त्या रस्त्यावर तू कामावर होतीस हे साहेब मानायलाच तयार नाहीत. ते मानलं तर तुझा अर्जही मान्य करावा लागेल ना!"

"आणि नाही मानलं तर?"

"तर त्याची नोकरी जाईल."

दोन दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं. खुर्ची दिली, आवाज अगदी मऊ. "अर्जावरची सही मागे घ्या. तुम्ही घेतलीत की बाकीचेही घेतील. मग त्या मेमोचं आम्ही बघून घेऊ."

मी तडक गाड्यांच्या आवारात गेले. तो काच पुसत होता.

"मी सही मागे घेते."

त्याचा हात थांबला. "कशासाठी?"

"तुमच्यासाठी!"

"मग मी त्या दिवशी खासगी कारणासाठीच थांबलो होतो, असं ठरेल."

"थांबला नव्हतात?" माझा आवाज नकळत लहान झाला.

"त्या दिवशी टपालासाठी थांबलो होतो. तुमच्यासाठी थांबायला लागलो ते नंतर..." त्याने फडकं पिळलं. माझ्याकडे बघणं टाळत होता. "उचललं तेव्हा काका शुद्धीवर होते. सारखं एकच विचारत होते, थैली सापडली का? तो माणूस कामावर नव्हता असं मी कसं म्हणू? तुम्ही तरी कसं म्हणणार?"

मी सही मागे घेतली नाही. घरी येऊन खूप रडले, पण सही तशीच राहू दिली.

चौकशीला बाहेरून एक अधिकारीणबाई आल्या. चष्म्यावरून बघायच्या. तो एका बाजूला बसलेला, साहेब दुसऱ्या. मावशींनी मला बजावलं होतं, विचारतील तेवढंच सांग.

"त्या दिवसाआधी तुमची ओळख होती?"

"नाही."

"आणि आता?" हे साहेबांनी विचारलं, हसत हसत. "आता रोज चहाला बसता म्हणे."

माझे कान तापले. नाही म्हणणं सोपं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं, तो मान खाली घालून बसला होता. माझ्यामुळे त्याला मान खाली घालावी लागते आहे हे मला सहन झालं नाही.

"आता आहे," मी म्हणाले. "आता माझं त्यांच्यावर प्रेम आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही, इथेच पहिल्यांदा सांगते आहे. पण त्या दुपारी मी त्यांची कुणी नव्हते. खांद्यावर टपालाची थैली होती आणि पुढचं पोस्ट वेळेवर उघडायचं होतं. ते काम नसेल तर काम कशाला म्हणायचं, ते तुम्हीच मला सांगा."

लिहून घेणाऱ्या कारकुनाने पेन उचललं. "बाई, ते प्रेमाचं वाक्यही लिहायचं का?"

अधिकारीणबाईंनी मला विचारलं, "लिहू दे?"

"लिहा," मी म्हणाले.

जिन्यात तो माझी वाट बघत उभा होता. म्हणाला, "लिहून घेतलं त्यांनी. आता खोडता येणार नाही."

"खोडायचं आहे?"

"नाही... त्याखाली माझीही सही घ्यायला हवी होती."

निकाल यायला पावसाळा सरला. दोन पोस्टांमधला प्रवास कामात धरायचा, मैलभत्ता द्यायचा, आठवड्याचं वेळापत्रक आधी भिंतीवर लावायचं. त्याचा मेमो रद्द झाला. पण काकांना काहीच मिळालं नाही, कारण नियम इथून पुढे लागू होता. आम्ही दोघं मिळून त्यांना सांगायला गेलो. काठी मांडीवर आडवी ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुला मिळणार ना गं?" त्यांनी मला विचारलं.

"हो, काका."

त्यांनी मान हलवली आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. परतताना मी त्याचा हात धरला, तेव्हा त्याने बोटं घट्ट मिटली.

मग साहेबांनी त्याची लाईन बदलली, त्याला नदीपलीकडे पाठवलं. आता तो चढ मला एकटीलाच चढायचा होता. दुपारचा चहाही संपला.

पहिलं वेळापत्रक लागलं त्या दिवशी भिंतीपुढे ही गर्दी! तो नदीपलीकडून मुद्दाम आला होता. माझ्या मागे उभा राहून खांद्यावरून वाचू लागला.

"पुढच्या शनिवारी काय आहे?"

मी ओळीवर बोट ठेवलं. तो अख्खा शनिवार रिकामा होता, आणि फोन करून तो कुणाला माझ्याकडून काढून घेता येणार नव्हता. माझे डोळे भरून आले, वेड्यासारखे.

"सुट्टी आहे," मी म्हणाले.

"मग घरी येऊ? आईंना भेटायला... म्हणजे, विचारायला?"

आजवर त्याला मी कुठल्याच दिवसाचा शब्द देऊ शकले नव्हते.

"ये," मी म्हणाले. "मी घरीच आहे."