उलट्या काठाचे मोजे

"तिथेच थांबा! आत येऊ नका."

दुकानाच्या उंबरठ्यावर पाय टाकलेला तो तरुण जागच्या जागी थबकला. बाहेर स्कॉटलंडमधल्या डिंगवॉल गावाचा नेहमीचा भुरभुर पाऊस चालला होता आणि त्याच्या किल्टच्या, म्हणजे गुडघ्यापर्यंतच्या चौकडी घागऱ्याच्या, चुण्यांवरून पाणी ओघळत होतं.

"बूट ओले आहेत म्हणून?" त्यानं अदबीनं विचारलं.

"बूट चालतील. ते पांढरे मोजे बाहेर ठेवा," इशबेल रॉस हातातल्या सुया न थांबवता म्हणाली.

किल्टबरोबर घालायचे, गुडघ्याखाली काठ दुमडायचे लोकरी मोजे विणण्यात तिच्या बेसीआत्याचा हात धरणारं त्या गावात कुणी नव्हतं. हे दुकान आत्याचंच. भाड्याच्या पोशाखातले असले पांढरेफटक मोजे दिसले, की आत्या-भाची दोघींचं डोकं उठायचं.

तो हसला. "मित्राचं लग्न आहे हो. नवरीचा हट्ट, सगळ्यांनी पांढरेच घालायचे. घरी माझ्याकडे चौतीस जोड आहेत... आणि आज हा अवतार! कुणाला सांगू नका."

आता मात्र सुया थांबल्या. "चौतीस? पाय किती आहेत तुम्हाला?"

"दोनच. पण हौसेला मोल नसतं."

त्याचं नाव लॉकलन मथेसन. मेंढ्यांचा डॉक्टर. आठवडाभर रबरी बूट घालून चिखलात उभा राहायचा आणि सुटी आली की मोज्यांची पेटी उघडून बसायचा. शेजारच्या स्ट्रॅथपेफर गावात दरवर्षी भरणाऱ्या खेळांच्या दिवशी, जिथे सगळे किल्ट घालून येत, लोक आधी त्याचे पाय बघत आणि मग चेहरा, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. काचेत मांडलेला शेवाळी जोड बघून तो लग्नातून निसटून आला होता.

"शेवाळी नको," इशबेल म्हणाली. "किल्टमध्ये हिरवा भरपूर आहे. वर मोजेही हिरवे घातलेत, तर झुडपातून उठून आल्यासारखे दिसाल. ही बारीक निळी रेघ दिसते? तो रंग घ्या."

"मी चौदा वर्षं मोजे जमवतोय, बाई."

"मग चौदा वर्षं चुकलात."

दुसरा कुणी असता तर पाय आपटत निघून गेला असता. यानं स्टूल ओढलं, बसला आणि पाय पुढे केला. "घ्या माप."

गुडघ्याखाली, पोटरीला, घोट्याला... शेकडो पायांची मापं तिनं बोलता बोलता घेतली होती. आज मात्र पोटरीचा आकडा ती लिहायच्या आतच विसरली. पुन्हा टेप गुंडाळावी लागली.

"दोनदा?" त्याच्या डोळ्यांत मिश्किली होती.

"तुमचा पाय हलतोय."

"मी तर श्वासही रोखून बसलोय..."

मग दर शनिवारी तो 'मोजे कुठवर आले' ते बघायला येऊ लागला. येताना कधी गरम बन आणायचा, कधी नुसत्याच गप्पा. तिसऱ्या शनिवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. सहाव्या शनिवारनंतर बेसीआत्यानं विणकाम उचलून डोळ्यांजवळ धरलं.

"टाच पुन्हा उसवलीस? ही तिसरी खेप! मोजे पुरे झाले की तो यायचा थांबेल, याची भीती वाटतेय ना? वाटू दे. लग्नाआधी आपल्या माणसाला मोजे विणून दिले, की तो त्याच मोज्यांनिशी चालता होतो. माझ्या अँगसला दिले होते मी. गेला कॅनडाला."

ही गोष्ट इशबेलनं लहानपणापासून हसून ऐकली होती. आज हसू आलं नाही. आपल्या हातांवर, जिभेवर, रंगांच्या पारखीवर तिचा पुरा भरवसा होता. पण हा माणूस जायला नको होता. कुठल्याही परिस्थितीत नको होता.

पुढच्या शनिवारी तिनं ते अर्धं काम त्याच्यासमोर उसवून टाकलं.

"हे मी विणणार नाही."

"का? काय चुकलं माझं?"

"काही नाही. गिऱ्हाइकांसाठी मी खुशाल विणते. पण जो माणूस आपल्याला हवा असतो, त्याला लग्नाआधी मोजे विणून द्यायचे नाहीत, तो निघून जातो, असं आमच्या घरात म्हणतात." तिचे गाल तापले होते, पण नजर हलली नाही. "आणि मला तू हवा आहेस."

लॉकलनचे कान लालबुंद झाले. मग तो म्हणाला, "ती निळी लोकर देतेस मला?"

लोकर काखेत मारून तो गेला.

"दुसऱ्या विणणारीकडे गेला असणार मेला," आत्या म्हणाली.

तीन शनिवार स्टूल रिकामं राहिलं. इशबेल एकदाच रडली, तीही नळ मोठा सोडून. पण बोलल्याचा पस्तावा तिला क्षणभरही झाला नाही.

खेळांच्या दिवशी मैदानावर आत्या-भाचीनं मोज्यांचं टेबल मांडलं होतं. बॅगपाइप घुमत होत्या. अचानक गर्दीत हशा पिकला.

लॉकलन येत होता. पायांत निळे मोजे! एक गुडघ्यापर्यंत ताणलेला, दुसरा घोट्याकडे घसरणारा. दुमडलेल्या काठांवर नक्षीऐवजी मागची बाजू आली होती आणि गाठी, धागे लोंबत होते.

"डॉक्टर, मेंढीनंच विणून दिले काय रे?" कुणीतरी ओरडलं.

तो मान ताठ ठेवून सगळं मैदान ओलांडत तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"मीच विणलेत. तुला विणायचे नाहीत, मला निळेच हवेत... आणि मला कुठेही जायचं नाही."

इशबेलचे डोळे काठांवरच होते. "काठ झाला की काम पलटायचं असतं, मग खाली विणायचं."

"कळलं ना. पोटरी झाल्यावर."

"मग उसवायचे!"

"आजचा दिवस हुकला असता. तीन तीनदा टाच उसवायला मी काय इशबेल रॉस आहे?"

म्हणजे दर शनिवारी काम बघता बघता याला सगळं कळलं होतं! ती लाजेनं लाल झाली. तो मात्र आत्याकडे वळला होता.

"आत्या, एक विचारू? लग्नाआधी विणले तर माणूस जातो. आणि लग्नानंतर विणले तर?"

बेसीआत्यानं त्याचे पाय न्याहाळले. "लग्नानंतर विणावेच लागतील. असला नवरा घेऊन पोरगी चारचौघांत जाईल कशी?"

"मग... कधी?" त्यानं इशबेलला विचारलं. एवढा वेळ ताठ असलेला आवाज आता कापत होता.

इशबेल खाली बसली. घसरलेला मोजा तिनं वर ओढला, काठाखालची मोजा धरून ठेवणारी पट्टी आवळून बांधली, काठ नीट केला. आणि वर बघून म्हणाली, "लवकर. हे मोजे मला फार दिवस बघवणार नाहीत."