उघाडीखालची हाक

भरती चढायच्या आत उघाडी साफ करायची, काम एवढंच होतं. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातला लाकडी दरवाजा. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडतो, भरतीला आपोआप मिटतो. त्यात गाळ अडकला की खारं पाणी शेतात शिरतं आणि उभं भात करपतं. रेवसकडच्या त्या गावात हे काम दोघांनीच करायची रीत. एक जण कमरेला दोर बांधून खाली उतरतो, दुसरा बांधावर दोर धरतो. खालच्यानं विचारायचं, "हायस का?" वरच्यानं म्हणायचं, "हाय." आणि हाय म्हटलं की खालचा वर येईपर्यंत दोर सोडायचा नाही.

गेल्या साली खाली मृणालीचा नवरा दिपेश होता आणि वर त्याचा जिवलग दोस्त निकेत. निकेत दोनदा 'हाय' म्हणाला. तिसऱ्या हाकेला गप्प राहिला आणि दोर सोडून दिला. तसंच ठरलं होतं त्याचं आणि मृणालीचं, तिच्याच स्वयंपाकघरात. गाव म्हणालं, आधीच्या कितीकांसारखा भरतीनं नेला बिचाऱ्याला.

तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. चार माणसांत निकेत तिला वहिनी म्हणे आणि दार लागलं की दिपेशच्या ताटात जेवायला बसे. हल्ली तर, जमीन नावावर कर, नाहीतर तोंड उघडतो, हेच रोज. ती विटली होती. त्याला, स्वतःला, सगळ्यालाच. आज दोर तिच्या हातात होता.

उन्हं कलली होती. चिखलाला कुजका वास सुटला होता.

"काय वहिनी, जोर हाय ना हातात?" उतरता उतरता निकेत हसला. "का मलाबी दोस्ताकडं धाडतेस?"

"बडबड नको. उतर."

अंधाऱ्या भोकातून आवाज आला, "हायस का?"

"हाय."

पाणी चढू लागलं. पुन्हा हाक आली. पुन्हा ती म्हणाली, "हाय." आता तिसऱ्यांदा गप्प राहायचं. तिनं बोटं सैल केली.

"मृणे… हायस का?"

मृणे म्हणणारा एकटा दिपेश. पण कळायच्या आत सवयीनं तोंडून गेलं, "हाय."

दोर ताठ झाला. सैल केलेली बोटं त्यावर घट्ट मिटली, उघडेनात.

तेवढ्यात बांधाच्या दगडांना धरत, धापा टाकत निकेत वर आला. कमरेला दोर नव्हता.

"गाठ मगाशीच सुटली… तू हाय कुणाला म्हणालीस?"

"तू हाक मारलीस ना…"

"मी दोनदाच मारली."

दोघांनी दोराकडे पाहिलं. माणूस लटकल्यासारखा जड, हळूहळू हलत होता.

"सोड तो… मृणाली, सोड!"

"सुटत न्हाय रे…"

त्यानं हिसकायला दोर धरला आणि त्याचेही पंजे तिथंच मिटले.

"निक्या," खालून आवाज आला. राग नव्हता त्यात, नुसता थकवा. "तूपण हायस का?"

निकेतनं ओठ इतके आवळले की रक्त आलं. तरी त्यांच्यामधून शब्द निसटलाच.

"हाय."

"दोघांनी धरलंत, बरं झालं…" आवाज आता अगदी जवळ होता. "बरेच जण हायत खाली. सगळ्यांना वर यायचंय."