काळ्या पडद्यांच्या पोरी

पाटी उपटायला गेले आणि पाटीसकट चिखलात बसले. नेव्हिलची आणि माझी पहिली भेट ही अशी!

१९७३ चा ऑक्टोबर. हॅदर्सलेच्या मैदानाच्या फाटकावर पुन्हा तेच... 'मैदान खेळण्याजोगे नाही.' रविवारची सकाळ, दुपारी दोनला आमचा फुटबॉलचा सामना, आणि पाऊस म्हणाल तर नुसती भुरभुर. आमच्या यॉर्कशायरमध्ये असल्या पावसाला कुणी छत्रीसुद्धा उघडत नाही.

"हात देऊ?" मागून आवाज आला. उंच अंगकाठी, थंडीनं लाल झालेले कान, पुढ्यात रेषा मारायची चुन्याची ढकलगाडी.

"हात नको. ही पाटी लावणाऱ्याचं नाव सांग."

"नेव्हिल."

"कुठं असतो हा मेला?"

"इथंच असतो..." तो ओशाळून हसला. "आत्ता तुझ्यासमोर उभा आहे."

मी हात न घेताच उठले. मागून पाठमोरी कशी दिसत असेन, या विचारानं मात्र घरी पोचेपर्यंत कान तापले होते.

आमचा संघ म्हणजे लाँड्रीतल्या अकरा जणी. माझ्या डॉट आत्यानं तो एकोणपन्नास साली उभा केला, तेव्हा कापड मिळत नव्हतं म्हणून युद्धात उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांना लावलेले काळे पडदे फाडून तिनं शर्ट शिवले. तेव्हापासून आमचा रंग काळा. क्लबांच्या मैदानावर बायकांना बंदी होती, तेव्हा या बायका गाईंच्या कुरणात खेळल्या, शेणावरून घसरल्या, उठून पुन्हा खेळल्या. बंदी उठली आणि आम्ही खालच्या का होईना, पण खऱ्या लीगमध्ये आलो. आता त्या लीगचा नियम होता — घरचा सामना तीनदा रद्द झाला की संघाचं नाव कायमचं कापायचं.

आमचे दोन रद्द झाले होते. पुढच्या रविवारी तिसरी पाटी लागली की चोवीस वर्षांची आत्याची मेहनत मातीत!

बुधवारी लाँड्री सुटल्यावर तडक मैदान गाठलं. नेव्हिल दाताळ्यानं गवत विंचरत होता.

"टाच दाब," मी काही बोलायच्या आत तो म्हणाला.

"काय?"

"बुटाची टाच गवतात दाब. पाणी वर आलं तर मैदान बाद."

मी दाबली, चांगली जोरात. पाण्याचा थेंब नाही.

"मग पाटी कशाला लावलीस रे?"

"क्रॅबट्रींचा हुकूम." क्रॅबट्री म्हणजे पुरुषांच्या क्लबचे अध्यक्ष. "रविवारी बायका तुडवणार आणि शनिवारी आमची पोरं घसरणार, असं त्यांचं म्हणणं. माझी नोकरी त्यांच्या हातात, राहायची खोलीही त्यांचीच..."

"आणि तुझी अक्कल? तीही त्यांच्याकडेच ठेवलीस?"

तो हळूच म्हणाला, "डाव्या पायानं मारताना तू जीभ बाहेर काढतेस, ठाऊक आहे?"

"तू... तू आमचा सराव बघतोस?"

"प्रत्येक मंगळवारी. शेडच्या मागून."

रागही येत होता आणि गालही गरम होत होते, दोन्ही एकदम! "मग बघ जीभ आणि लाव पाटी!" म्हणून मी पाय आपटत निघाले.

"ग्लेनिस!" त्यानं हाक मारली. माझं नाव त्याला ठाऊक होतं तर! "रेषा मारल्या, जाळ्या लावल्या आणि पंचाचा पाय गवताला लागला, की पुढं फक्त पंचाचा शब्द चालतो. अध्यक्षांचासुद्धा नाही. पण पंच येतात एकच्या बसनं, आणि क्रॅबट्री येतात बाराला. चर्च सुटलं की."

"पंचांना मी अकराला आणते. लाँड्रीच्या व्हॅनमधून. रेषांचं काय?"

तो खाली बघून दाताळ्यातलं गवत काढत बसला. मीही गयावया केली नाही.

रविवारी पंच मिस्टर बूथ यांना आत्यानं बेकनचं सँडविच चारलं आणि ते शेवटचा घास चावत असतानाच व्हॅनमध्ये कोंबलं. पाटी असली तर? त्याची खोली, त्याची नोकरी... माझ्यासाठी का घालवावी त्यानं?

फाटक आलं. पाटी नव्हती.

आत रेषा पांढऱ्याशुभ्र. जाळ्या ताणलेल्या. आणि नेव्हिल कोपऱ्यातला झेंडा रोवत होता, कोपरापर्यंत चुन्यानं माखलेला. मला रडूच फुटलं. बूथ गवतात गेले, टाच दाबली, दोनदा दाबली.

"उत्तम मैदान. खेळा!"

बाराला क्रॅबट्री आले, टोपी सावरत, धापा टाकत. "नेव्हिल! पाटी कुठाय?"

"शेकोटीत घातली, मिस्टर क्रॅबट्री. छान पेटली."

"चाव्या ठेव आणि चालता हो! खोलीही आजच्या आज रिकामी कर!"

नेव्हिलनं चाव्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या. ढकलगाडी मात्र सोडली नाही. मध्यंतरात भुरभुर पावसानं रेषा पुसल्या, तर हा नोकरी गेलेला माणूस अख्ख्या मैदानाच्या रेषा पुन्हा मारून आला आणि आत्यानं त्याच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

आम्ही तीन-दोन हरलो. हरलो तर हरलो! सामना झाला, नाव राहिलं. दोनातला एक गोल माझा, डाव्या पायानं.

शिट्टी झाल्यावर तो मैदानाच्या मधोमध आला. "जीभ काढलीस."

"मुद्दाम काढली. तू बघत होतास ना..."

"ग्लेनिस, माझ्याकडे आता काहीच नाही गं. ना खोली, ना नोकरी."

"लाँड्रीत व्हॅनला ड्रायव्हर हवाय. आत्याची माळ्यावरची खोली रिकामी आहे. आणि—"

"आणि?"

"आणि तू मला हवायस. कळलं? का तेही टाच दाबून बघणार आहेस?"

त्यानं हसत मला जवळ ओढलं. तेवढ्यात फाटकातून क्रॅबट्री ओरडले, "मैदान सोडा! ताबडतोब!"

"पंचांना विचारा!" मीही ओरडले.

मिस्टर बूथनी घड्याळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि शांतपणे पाठ फिरवली.

त्या दिवशी माझ्या काळ्या शर्टाच्या पाठीवर चुन्याचे दोन पांढरे पंजे उमटले. लाँड्रीतल्या बाकी दहा जणींनी मागून पाहिला, पण तो शर्ट मी आजवर कुणाला धुवू दिलेला नाही.